निमगावच्या वाटेवरचा प्रसाद

नरसिंह आमच्या घरचं कुलदैवत. लग्न होऊन जळोचीला आले तेव्हापासून देवघरातला त्याचा टाक मी रोज घासत आले, शनिवारचा उपास धरत आले. कधी काही मागितलं नाही, कारण मागायचं कसं हेच मला कळत नाही. माणसांजवळ मागता येत नाही, तिथं देवाजवळ काय मागणार. पण प्राजू गेली आणि त्यानंतर वर्षभर मी त्या टाकाला गंध लावलं नाही. बाकीच्या देवांना फूल वाहायचे, हळदीकुंकू लावायचे. त्याला फक्त पुसून जागेवर ठेवायचे. शनिवारही सोडला. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं असेल.

प्राजू माझ्या भावाची मुलगी. दादा सांगवीला शेती करतो. बारामतीत कॉलेजला नाव घातलं तेव्हा रोज येण्याजाण्यापेक्षा आत्याकडे राहू दे म्हणून तिला माझ्याकडे ठेवली. मला मूलबाळ नाही. ती आली आणि घरात आवाज आला. मी चौथीपर्यंत शिकलेली, ती मला रोज संध्याकाळी पेपर मोठ्यानं वाचायला लावायची. अडखळले की हसायची नाही, थांबून राहायची. दुकानात, बँकेत, कुठंही माझ्या वतीनं तीच बोलायची. "आत्या, तू नुसती माझ्या मागं उभी राहा," म्हणायची.

दुसऱ्या वर्षाला असताना तिच्या अंगावर काळेनिळे डाग उठायला लागले. तपासणीत कळलं की तिच्या शरीरात रक्त तयार होणंच कमी झालंय. तेव्हापासून दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर थोड्या दिवसांनी तिला रक्त चढवायला लागायचं. मी खाटेशेजारी बसून नळीतून थेंब थेंब उतरणारं रक्त बघत राहायचे. तिला मात्र त्यातही गंमत सुचायची. "आत्या, आज कुणाचं चढतंय कोण जाणे. उद्या मी शिट्ट्या मारायला लागले तर घाबरू नकोस." एकदा रक्त चढवून घरी आल्यावर तिनं तिखट झुणका मागून मागून खाल्ला. एरवी तिला तिखट चालायचं नाही. म्हणाली, "हा नक्की कुणीतरी पैलवान होता." आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

एकदा तिच्या गटाचं रक्त मिळेना. दादा, आमचे हे, तिच्या मैत्रिणी, सगळे फोन करत होते. मी कुणाला न सांगता खाली रक्तपेढीत गेले आणि हात पुढं केला. तिथल्या बाईंनी बोटाला टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडला. तो वर तरंगत राहिला. "मावशी, तुमचंच रक्त कमी आहे. थेंब बुडला असता तर घेतलं असतं," त्या म्हणाल्या. वाईट बोलल्या नाहीत, पण मी जिना चढून वर येईपर्यंत माझे पाय जड झाले होते. त्या दिवशी संध्याकाळी कुठूनसं रक्त मिळालं. कुणी दिलं, कळलं नाही. मी मनात फक्त एवढंच धरलं की माझा थेंब तरंगला.

थंडीच्या दिवसांत प्राजू गेली. त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

माझ्या सासूबाई प्रल्हादाची गोष्ट फार रंगवून सांगायच्या. एवढंसं लेकरू, बाप जिवावर उठलेला, आणि देव खांब फोडून बाहेर आला. प्राजूला एकदा मी नीरा नरसिंहपूरला घेऊन गेले होते, तेव्हा संगमावर बसून तिला हीच गोष्ट सांगितली होती. ती गेल्यावर मला त्या गोष्टीचा राग यायला लागला. त्या लेकरासाठी खांब फोडलास आणि आमच्या लेकरासाठी तुला साधं दार उघडता आलं नाही का? हा प्रश्न मी कुणापुढं बोलले नाही. गंध लावलं नाही, इतकंच.

वर्ष व्हायला तीन-चार महिने राहिले तेव्हा प्राजूची मैत्रीण कोमल घरी आली. त्यांच्या वर्गातल्या मुलामुलींनी ठरवलं होतं की प्राजूच्या आठवणीत बारामतीहून इंदापूरपर्यंत पायी जायचं. वाटेतल्या प्रत्येक गावात थांबून लोकांना रक्तदानासाठी बोलवायचं, आणि शेवटच्या दिवशी इंदापुरात शिबिर घ्यायचं. चालणाऱ्यांनीही तिथंच रक्त द्यायचं. कोमल मला फक्त सांगायला आली होती. मी चहाचा कप तिच्या हातात दिला आणि माझ्याच तोंडून निघालं, "मी येऊ का?"

आमचे हे पलंगावर बसून ऐकत होते. कोमल गेल्यावर म्हणाले, "अगं, दुकानात साखर मागायला तू लाजतीस. आन् आता गावोगाव रक्त मागत जाणार व्हय?"

"मी मागणार न्हाय. नुसती चालणार."

"आन् पाय?"

"पायांनीच चालणार की."

ते हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी बूट आणले. साडीवर बूट घालायची मला लाज वाटली, पण मी घातले.

चालायच्या आधी तीन महिने मी स्वतःला तयार केलं. बीट, शेंगदाणे-गूळ, नाचणीची भाकरी, मेथी, आणि सरकारी दवाखान्यातून आणलेल्या लाल गोळ्या. या वेळी माझा थेंब बुडला पाहिजे, एवढी एकच इच्छा होती. प्राजूला देता आलं नाही, पण कुणालातरी देता यावं. मग मला वाटायला लागलं की नुसत्या बिटानं काय होणार. ज्याच्याशी वर्षभर बोलले नाही त्याच्याशी बोलावं लागेल. शिबिर शनिवारी होतं, त्याच्याच वारी. निघायच्या आदल्या दिवशी मी टाक हातात घेतला आणि मनात म्हटलं, "या शनिवारी मी तुझा कडक उपास धरीन. माझं रक्त घेतलं जाईपर्यंत पाण्याशिवाय काही तोंडात घालणार नाही. पण माझा थेंब बुडू दे." गंध मात्र तेव्हाही लावलं नाही. आधी तो काय करतो ते बघू, असं काहीसं माझ्या मनात असावं.

बारामती सोडल्यावर दोन्ही बाजूला ऊस आणि तोडणीचे दिवस. भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चाललेल्या, रस्त्यावर उसाच्या कांड्या पडलेल्या. पोरं पुढं गाणी म्हणत चालायची आणि मी सगळ्यांच्या मागं. सगळ्यांच्या छातीला प्राजूचा फोटो असलेला बिल्ला होता. माझ्या पदरालाही कोमलनं तो टाचला होता. सणसर, लासुर्णे, एकेका गावात पारावर नाहीतर शाळेपुढं थांबायचं. कोमल बोलायची, मी पाण्याचा जार सांभाळत बाजूला उभी राहायचे. लासुर्ण्यात एका आजोबांनी मलाच विचारलं, "ही पोरगी कोण म्हणायची?" मी बिल्ल्यावर हात ठेवला आणि मान खाली घातली. आजोबांनी पाण्याचा जार उचलायला मला मदत केली.

शुक्रवारी शेळगावला मुक्काम होता. झोपायच्या आधी कोमल सगळ्यांना म्हणाली, "उद्या सकाळी सगळ्यांनी भरपूर खाऊन निघायचं हं. कुणी नाटकं करायची नाहीत." मला वाटलं, पोरांना चालायला ताकद यावी म्हणून म्हणतीय. माझ्यासाठी ते बोलणं नाही असंच मी धरलं. सकाळी पोहे आले तेव्हा माझी बशी मी बरोबर चालणाऱ्या कोमलच्या भावापुढं सरकवली. चहाही घेतला नाही. दोन दिवसांच्या चालण्यानं अंग आंबलं होतं आणि आदल्या रात्री जेवणही फारसं गेलं नव्हतं. तरी मनाला बरं वाटत होतं. आता देवाला माझ्याकडे बघावंच लागेल, असं वाटत होतं.

निमगाव केतकीच्या अलीकडे पानमळे लागले. थंडी होती, तरी मला दरदरून घाम फुटला. समोरचे वेल हलायला लागले, पोरांची गाणी लांब गेल्यासारखी झाली. हाक मारावी एवढंसुद्धा धैर्य मला झालं नाही. शेवटी असल्यानं मी थांबले ते कुणाला कळलंही नाही. ती सगळी निमगावच्या बाजारात लोकांना गाठायचं म्हणून भराभर पुढं गेली. मी रस्त्याच्या कडेला एका मळ्याच्या बांधावर बसले. पुढं जायची ताकद नव्हती आणि मागं फिरायचं मनात नव्हतं. त्या बांधावर बसून मी पहिल्यांदा देवाला म्हटलं, "मला आता काहीच कळत नाही. तूच बघ." अट नव्हती, राग नव्हता. तेवढंही मोठ्यानं बोलायचं बळ नव्हतं.

तेवढ्यात मागून पायताणांचा आवाज आला. कुणीतरी स्वतःशीच बडबडत येत होतं. एक म्हातारी, नऊवारी लुगडं, डोक्यावर पिशवी, एका हातात डबा. माझ्यापाशी येऊन थांबली.

"ए बाई, हितं का बसलीस गं? त्वांड बघ की, पांढरंफटक पडलंय."

"जरा बसलेय. जाईन."

"कुठं जाशील? उभं ऱ्हायाचं तरी जमतंय का?" तिनं पिशवी उतरवली आणि माझ्या शेजारीच बसली. "मी नरसिंहपूरास्नं आलेय. पहाटं देवाला निवद केला आन् पहिल्या यष्टीनं निघाले. यष्टीत डुलकी लागली बघ. निमगाव गेलं मागं, कंडक्टरनं उठीवलं न्हाय मेल्यानं. फुडच्या फाट्यावर उतरीवलं मला. आता ह्या गुडघ्यांनी मागं चालत निघालेय, शिव्या देत."

नरसिंहपूर म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. तिनं डबा उघडला. गुळाचा भात आणि वर एक पुरणपोळी दुमडून ठेवलेली. तूप अजून पूर्ण थिजलं नव्हतं.

"घे," म्हणाली.

"माझा उपास हाय, आजी."

"मग? प्रसादाला कसला उपास? आमच्या सासूनं घालून दिलेली रीत हाय. देवाचा निवद घरात न्यायच्या आदी वाटंत जो पैला भेटंल त्याच्या हातावर ठेवायचा. आज यष्टीतनं एकटीच उतरले, रस्त्याला चिटपाखरू न्हाय, म्हणलं आता कुणाला द्यायचा? आन् तू बसलेली. तू न्हाय घेतलास तर मी घराचा उंबरा कशी वलांडू? ह्या गुडघ्यांनी मला रस्त्यावर हुबं करून ठेवनार हायस का?"

मला रडू फुटलं. माझं काय चाललंय ते कुणाला तरी सांगावं असं मला जन्मात पहिल्यांदा वाटलं, आणि मी सांगितलं. प्राजूबद्दल, तरंगलेल्या थेंबाबद्दल, उपासाबद्दल, आणि आत्ता देवाला म्हटलं त्याबद्दलही. म्हातारीनं माझ्या पदरावरचा बिल्ला बोटांनी नीट धरून बघितला.

"हसती ग्वाड," म्हणाली. मग तिनं विचारलं, "तू त्याला म्हणलीस ना, तूच बघ म्हणून?"

"व्हय."

"मग आता त्यानं वाढलंय तर खा की. का त्येबी तूच ठरवनार, त्यानं कसं बघायचं ते?"

मी हात पुढं केला. तिनं माझ्या तळहातावर भात घातला आणि मी तो खाल्ला. मग पोळीही खाल्ली. इतकं गोड मला कधी लागलं नव्हतं. म्हातारी डबा झाकत म्हणाली, "समदं संपीवलंस की गं. आता घरात काय मी रिकामा डबा नेऊ?" मी घाबरून बघितलं तर ती हसत होती. डब्यात तळाला घरच्यांपुरता भात तिनं ठेवलाच होता. निमगावपर्यंत आम्ही दोघी एकमेकींच्या आधारानं चालत गेलो. तिचे गुडघे आणि माझे पाय. वेशीपाशी ती पानमळ्याच्या वाटेनं वळली. नाव विचारायचं मला सुचलं नाही.

बाजारात कोमल मला शोधत होती. तिनं पोहे पुढं केले, ते मी खाल्ले. उपास मोडलाच होता. दुपारी पुढच्या वस्तीवर लोकांनी पिठलं-भाकरी दिली, तीही सगळ्यांबरोबर बसून खाल्ली. मनात मात्र धाकधूक होती. माझ्या बाजूनं ठरवलेलं सगळं मोडून मी इंदापूरला चालले होते. देवापुढं ठेवायला माझ्याकडे आता काहीच नव्हतं.

इंदापुरात मंगल कार्यालयात शिबिर होतं. चालून आलेल्यांना आधी बराच वेळ बसवून पाणी, सरबत दिलं. मग रांग. माझ्यापुढं दोघी बायका होत्या. टेबलापाशी बसलेल्या डॉक्टरीणबाई प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारत होत्या, "आज काय खाल्लंय?" पुढची बाई अभिमानानं म्हणाली, "शनिवार हाय माजा. पानी सुदिक न्हाय." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, उपाशी माणसाचं रक्त आम्ही घेत नाही. चक्कर येते, त्रास होतो. जेवून दोन-चार तासांनी या, नाहीतर पुढच्या शिबिराला." ती बाई बिचारी मागं फिरली. तिचा चेहरा मी ओळखला. तो जिना चढून वर येणारा माझाच चेहरा होता.

मग माझा नंबर आला. "आज काय खाल्लंय?"

मी स्पष्ट बोलले, "प्रसाद खाल्ला. गुळाचा भात, पुरणाची पोळी. नंतर पोहे. दुपारी पिठलं-भाकरी."

डॉक्टरीणबाई हसल्या. "एवढं कुणी सांगितलं नव्हतं आज."

बोटाला टोचलं. निळ्या पाण्याची बाटली समोर होती. थेंब सुटला. क्षणभर वरच थांबल्यासारखा वाटला आणि मग गोल गोल फिरत सरळ तळाशी गेला. मी तिथंच हात जोडले. बाई म्हणाल्या, "अहो, हात सोडा, बोटाला कापूस धरायचाय." मागं कोमल रडत होती आणि कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. मला टाळ्यांची लाज वाटली, पण मी पळून गेले नाही.

खाटेवर पडल्या पडल्या नळीतून माझं रक्त पिशवीत जाताना दिसत होतं. प्राजूच्या वेळी ते उलट्या बाजूनं यायचं. तेव्हा मला एक गोष्ट दिसली, जी वर्षभर समोर असून दिसली नव्हती. आजारपणात प्राजूला जितक्यांदा रक्त चढलं तितक्यांदा कुणीतरी अनोळखी माणूस माझ्यासारखाच असा खाटेवर पडला होता. कुणी पैलवान, कुणी शिट्ट्या मारणारा. त्यांतल्या कुणाचंही तोंड आम्ही बघितलं नाही. मी विचारत होते की खांब का फुटला नाही. तो कितीतरी वेळा फुटला होता, आणि दर वेळी आम्हाला प्राजूसोबत आणखी थोडे दिवस मिळाले होते. मी फक्त शेवटचा दिवस धरून बसले होते. ती का गेली याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. ते मिळेल असंही वाटत नाही. पण तो आला नव्हता, असं मला आता म्हणता येत नाही.

महिन्याभरानं ह्यांना घेऊन मी निमगावला गेले. पानमळ्याच्या वाटेला विचारत विचारत म्हातारीचं घर सापडलं. ती अंगणात पानं निवडत बसली होती. मी वाकून पाया पडले आणि म्हटलं, "आजी, तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी देवच होऊन आलात."

"मी कसली द्येव?" ती म्हणाली. "द्येवाचं गुडघं असं दुखत्यात व्हय? झोप लागली म्हणून फुडं गेले. त्या कंडक्टरला जाऊन पाया पड." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाली, "बायकूला जेवायला घालत जा रं दादा. रस्त्यात बसून माझा निवद खाती." आमच्या ह्यांना काही कळलं नाही, तरी ते हो म्हणाले. निघताना तिनं माझ्या ओटीत पानांची एक गड्डी घातली.

घरी आल्यावर मी देवघरासमोर बसले. टाक घासला, पुसला आणि गंध लावलं. त्या गड्डीतलं एक पान त्याच्यापुढं ठेवलं. मी काय द्यायचं ते मी ठरवायचं आणि त्यानं काय द्यायचं तेही मीच ठरवायचं, असं मी करत होते. आता ते त्याच्यावर सोडलंय. सोडल्यावर हात हलके झालेत, एवढं मात्र खरं. शनिवार पुन्हा धरते, पण कुणी प्रसाद पुढं केला तर आधी हात पुढं करते.

शिबिराच्या दिवशी रक्तपेढीची गाडी माझी पिशवी घेऊन गेली. ती कुणाला चढली ते मला कधी कळणार नाही. असेल कुणी लेकरू, कुणी बाळंतीण, कुणी म्हातारा. ज्याला चढली असेल त्याला सुखी ठेव, एवढं मी रोज म्हणते. आणि तो माणूस चारचौघांत एकाएकी लाजायला लागला, दुकानात साखर मागताना अडखळायला लागला, तर त्याच्या आत्यानं घाबरू नये.